जाळीकडची बाजू

गिरणीची वस्ती
१९ नोव्हेंबर १९५२

तीरा,

पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नकोस, कोणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. प्रश्न वाल्फ्रिडचा आहे. तुझ्या बाबांची नजर उन्हाळ्यातच पूर्ण गेली, हे मी तुला कळवलं नव्हतं. कळवून तू काय केलं असतंस, लोकरीचे मोजे पाठवले असतेस. आता तो खिडकीशी बसून असतो. हातात मेणाचा तुकडा दिला की अंगठ्याने चोळत राहतो, काढून घेतला तर लहान मुलासारखा रुसतो. रोज सकाळी कॉफीच्या वेळी विचारतो, मुलगी कधी येणार. मी म्हणते, तुझी मुलगी तिकडे बर्फात जाऊन बसलीय, तिला कुठली फुरसत. मग दिवसभर बोलत नाही.

नाताळला ये. इतकी वर्षं मी कधी म्हटलं नाही, आता म्हणते आहे.

दुसरी एक बातमी. दहाची नोट बदलणार. परवा आपल्या कागदाच्या गिरणीत जुन्या मैत्रिणींना भेटायला गेले तेव्हा नवीन कागद पाहिला. त्यात कुठल्याशा राजाचं डोकं आहे, दाढीवाला, पोट बिघडल्यासारखा दिसतो. जुन्या नोटा बँकेत परत जाणार आणि जळणार. म्हणजे आपली पाण्यातली बाई गेली. नोटेवर ढाल घेऊन बसलेली देशमाता स्वेआ सगळ्या देशाला माहीत आहे, तिच्या भोवतीच्या केसाएवढ्या रेघा, कागदात पेरलेले लाल-निळे धागे, तेही लोकांना ठाऊक. पण उजेडात धरल्यावर रिकाम्या गोलात जी उगवते, ती आपल्या वस्तीची. छापलेल्या रेघांची नक्कल कोणीतरी हरामखोर कधी ना कधी करतोच. पाण्यातलीची कोणाला जमली नाही. ती वाल्फ्रिडने कोरलेली. तो म्हणायचा, चेहराच हवा, कारण फुलाची पाकळी चुकली तर कोणाला कळत नाही, पण चेहऱ्यात ओठ केसभर सरकला तर बाजारातली कोळीणसुद्धा ओळखते.

आता ती जाणारच आहे, तर सांगून टाकते. पहिले कागद तपासायला माझ्या टेबलावर आले, मी एक उचलून खिडकीकडे धरला आणि मला घाम फुटला. तो चेहरा तुझा होता. मी कोणाला बोलले नाही. तुला वाटतं ना, बाबांनी तुझ्याकडे कधी पाहिलं नाही म्हणून? त्याने अख्ख्या देशाला तुझ्याकडे बघायला लावलं, वेडे.

हेडविग आत्या


किरुना
१ डिसेंबर १९५२

आत्या,

तुझ्या म्हातारपणाचा मान ठेवून सांगते, तुझी नजरही बाबांसारखीच गेली आहे. ती मी नाही. ती सिग्ने आहे.

मला पहिल्या नोटेपासून माहीत आहे. मी इथे नुकतीच आले होते, दुकानात कापड मोजत होते. मालकीणबाईंचा दंडक असा की दहाची आणि वरची कुठलीही नोट दिव्यापुढे धरल्याशिवाय गल्ल्यात टाकायची नाही. एका खाणवाल्याने नोट दिली, मी वर धरली, आणि समोर माझी जुळी बहीण. गेली तेव्हाची नऊ वर्षांची नाही, मोठी झालेली. माझ्या हातून कात्री पडली. तेव्हापासून पगाराच्या दिवशी ती दिवसभर येत राहते. खाणवाले रांगेने येतात, प्रत्येकाच्या खिशातून ती निघते. मालकीणबाई समजतात की मला खोट्या नोटांची फार भीती आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, हे तू मला सांगू नकोस. घटसर्पाच्या वॉर्डात आम्ही दोघी गेलो आणि एकटी मी परत आले, त्या दिवसापासून ते माझ्या कानाशी बोलले. डोळ्यांशी कधी नाही. जेवताना बटाट्याचं भांडं पुढे करायचे तेही कानाकडे बघत. मला किती तरी वर्षं वाटायचं की माझ्या कानाला काही झालंय. मग कळलं, की मी जो चेहरा घेऊन परत आले तो त्यांना बघवत नव्हता. दोघींतली चुकीची परत आली, असंच त्यांना वाटलं असणार. आणि मग त्यांनी हवी होती ती कोरली, आणि अशा जागी ठेवली की मी देशात कुठेही जाऊन बसले तरी तिला माझ्या हातात यावंच लागेल.

नोटा जळणार असतील तर जळू देत. मला सुटल्यासारखं होईल.

मी येणार नाही. मोजे पाठवते आहे, तू म्हणालीस म्हणून.

तीरा


गिरणीची वस्ती
९ डिसेंबर १९५२

तीरा,

मोजे मिळाले. मोठे आहेत, वाल्फ्रिडचे पाय आता तेवढे राहिले नाहीत. त्याची तब्येत बरी आहे, खातोपितो, काळजी करू नकोस.

आता भांडणाचं बोलू. कागद तपासणं हा माझा धंदा होता, तुझा नव्हे. कुठे गाठ आहे, कुठे पाण्याचा थेंब पडून खळगा झालाय, ते मी डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगायचे. तुम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिलात की एक आरशासमोर उभी आहे असं वाटायचं, हे वस्तीत सगळ्यांना आठवतंय. कपाळावरच्या भोवऱ्यावरून तर मी तुम्हाला ओळखायचे. समोरून बघताना तुझे केस डावीकडे वळायचे, सिग्नेचे उजवीकडे. तुझी खळी डावीकडे, तिची उजवीकडे. पाण्यातलीचा भोवरा डावीकडे आहे. मी हजारो कागद उचललेत. मला शिकवू नकोस.

आणखी एक. तू विशीत होतीस तेव्हा मी तुला दुपारभर खिडकीशी बटाटे सोलायला बसवायचे आणि तू चिडायचीस की आत्या मोलकरणीसारखं राबवते. ते बटाटे मला नको असायचे. वाल्फ्रिड मला सांगायचा, तिला उजेडात बसव. तो पलीकडे मेणाची पातळ वडी काचेवर ठेवून कोरत असायचा, खालून दिवा लावून. जिथे मेण पातळ तिथे उजेड, जिथे जाड तिथे सावली, आणि त्या मेणावरूनच कागदाच्या जाळीचा साचा व्हायचा. तू मान खाली घालून सोलत असायचीस तेव्हा तो बघायचा. तू मान वर केलीस की लगेच मेणात डोकं.

आता बोल.

हेडविग आत्या


किरुना
१८ डिसेंबर १९५२

आत्या,

बटाट्यांचं वाचून मी दोन दिवस दुकानात गेले नाही. ताप आला असं सांगितलं.

तरीसुद्धा तू चुकते आहेस. इथे आता सूर्य डोंगराआडून वरच येत नाही, म्हणून मी नोट दिव्यापुढे धरली, एकदा नाही, दहादा. स्वेआ माझ्याकडे तोंड करून बसली आहे, नंबर सरळ वाचता येतोय, आणि गोलातल्या बाईचा भोवरा उजवीकडे जातो. खळी उजवीकडे. खात्रीसाठी मालकीणबाईंना विचारलं, या बाईचे केस कुठल्या बाजूला वळलेत. त्या म्हणाल्या, उजवीकडे, आणि तीरा, तू जरा सुट्टी घे.

म्हणजे बाबा मला बसवून तिला कोरत होते. मी बटाटे सोलत होते आणि ते माझ्या चेहऱ्यात तिला शोधत होते. हे तुझ्या मते मला आवडायला हवं?

तुला खोटं बोलायची गरज नव्हती. मी लहान नाही, मला गोड बोलून घरी न्यायला.

तीरा


गिरणीची वस्ती
२८ डिसेंबर १९५२

तीरा,

मी खोटं बोलले नव्हते. पण चुकले होते, आणि कशी चुकले ते सांगते.

तुझं पत्र नाताळच्या आदल्या सकाळी आलं. मी रागारागात कपाटातून दहाची काढली, खिडकीकडे धरली. भोवरा डावीकडे. बघ, म्हटलं, पोरगी हट्टी आहे. मग तुझं वाक्य परत वाचलं, नंबर सरळ वाचता येतोय. माझ्या हातातल्या नोटेवर नंबर नव्हताच. मी पाठ बघत होते.

तुला हे गिरणीबाहेर कोणी सांगणार नाही. कागदाला दोन बाजू असतात. एक बनातीकडची, म्हणजे ओला कागद ज्या लोकरी कापडावर दाबतात तिकडची, मऊ, तिच्यावर बँक स्वेआ छापते. दुसरी जाळीकडची, जी ओल्या लगद्यातून तारेच्या जाळीवर उठते. खोट असते ती जाळीकडे दिसते, म्हणून आम्ही बायका कागद नेहमी त्याच बाजूने उचलायचो. पहिल्या दिवशी शिकवलं तसंच शेवटच्या दिवसापर्यंत. निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या नोटासुद्धा मी पालथ्या करून तपासते, इतकी ती सवय हाडात गेलीय. ती बाई मी जन्मात एकदाही सरळ पाहिली नव्हती.

मी नोट उलटली. सिग्ने होती. परत उलटली. तू. आणखी एकदा सिग्ने. मी नोट टेबलावर पालथी टाकली आणि मग पालथी कुठली तेच समजेना.

वाल्फ्रिड खिडकीशी होता. मी कधी त्याला विचारलं नव्हतं, आपल्याकडे कोणी कोणाला असलं काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं, तू दोघींतली कुठली कोरलीस? तो मेण चोळत म्हणाला,

"सिग्नेला मोठी करायची होती. तीरा समोर असताना करता आली. तीराच्या वयाची झाली की थांबवली."

मी म्हटलं, मग सरळ बाजूला सिग्ने का?

"सरळ बाजू बँक ठरवते, हेडविग. मी नाही ठरवली. मला ठरवता आली नाही."

एवढं बोलून तोंड फिरवलं. त्यानंतर ताटातलं डुकराचं मांस त्याने शिवलंही नाही. तीरा, गेल्या वेळी मी तब्येत बरी आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. तो नोव्हेंबरपासून धड काही खात नाही. डॉक्टरांनी मान हलवली. तुला घाबरवून आणायचं नव्हतं, तुझ्या मनाने यावंस असं वाटत होतं. आता मला काही वाटत नाही, फक्त ये.

हेडविग आत्या


किरुना
५ जानेवारी १९५३

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून मी नोट उलटसुलट करते आहे. मालकीणबाईंनी शेवटी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि सुट्टे दिले.

तुला एक गोष्ट सांगते, हसू नकोस. माझ्या खोलीत आरसा नाही. इतकी वर्षं मी केस चाचपून बांधते. कारण आरशात माझा भोवरा उजवीकडे जातो आणि तिथे सिग्ने उभी असते, माझ्याबरोबर म्हातारी होत चाललेली. लोकांना मी दिसते, मला ती दिसते. मला वाटायचं हे भूत माझ्या एकटीचं आहे. बाबांनाही तेच होतं, फक्त त्यांना उलट्या बाजूने.

त्यांचं उत्तर वाचून मी रडले, मग संतापले. ठरवता आली नाही म्हणे. मला तेवढंच तर हवं होतं. मला त्यांनी कोरायला नको होतं, देशाला दाखवायला नको होतं. मी वॉर्डातून परत आले त्या दिवशी, किंवा नंतर कधीही, तू आलीस ते बरं झालं, असं एकदा म्हणायला हवं होतं. त्यांना मी हवी होते का, एवढंच मला विचारायचं आहे. तू मध्ये बोलू नकोस. मी स्वतः विचारणार आहे.

शुक्रवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर येऊ नकोस, गुडघे सांभाळ.

तीरा


गिरणीची वस्ती
२ फेब्रुवारी १९५३

तीरा,

दफनानंतरच्या कॉफीला न थांबता तू गेलीस. पाद्रीबुवांना मी सांगितलं की तुला गाडी गाठायची होती. त्यांनी विश्वास ठेवला नाही पण केकचे तीन तुकडे खाल्ले. सिग्नेच्या शेजारी जागा मिळाली, ते तू पाहिलंसच. माती गोठली होती, खणणाऱ्यांना आधी आग लावावी लागली.

मी रागावलेली नाही. पण एक गोष्ट मला खाते आहे आणि ती तूच सांगू शकतेस. त्या सकाळी तू त्याच्याजवळ होतीस, मी लाकडं आणायला बाहेर गेले. परत येऊन दार उघडलं तर वाल्फ्रिडने दाराकडे तोंड केलं. इतक्या महिन्यांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "आली," म्हणाला. आणि मी लाकडं खाली ठेवेपर्यंत गेला.

आता वस्तीतल्या बायका मला सोडत नाहीत. म्हणतात, लहानपणी गेलेली सिग्ने त्याला न्यायला आली. शेजारीण तर शपथेवर सांगते की त्या सकाळी तिचं कुत्रं आपल्या दाराकडे बघून विव्हळत होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण मी त्या दारातून आले होते, तीरा. माझ्या पाठीमागून कोण आलं? मला आता दार उघडायची भीती वाटते. तुम्ही दोघं काय बोललात ते सांग. तू त्याला विचारलंस का?

हेडविग आत्या


किरुना
११ फेब्रुवारी १९५३

आत्या,

कॉफीला न थांबल्याबद्दल माफ कर. मला ते तुझ्यासमोर बोलता आलं नसतं. लिहितानाही जड जातंय.

मी विचारणार होते. तीन दिवस ते झोपून होते, मी घरात आहे हेसुद्धा त्यांना कळलं नव्हतं. त्या सकाळी तू बाहेर गेलीस आणि ते जागे झाले, मान अवघडली म्हणून कण्हायला लागले. मी पलंगाच्या डोक्याकडे गेले, मागून वाकून त्यांचं डोकं उशीवर नीट घेत होते. त्यांनी हात मागे नेला आणि माझ्या कपाळाला लावला. अंगठ्याने भोवरा चाचपला, सावकाश, मेणावर फिरवायचे तसा. जन्मात पहिल्यांदा ते मला बघत होते.

मग म्हणाले, "सिग्ने."

मी मागून वाकले होते, आत्या. समोर बसले असते तर केस डावीकडे लागले असते. मागून ते त्यांच्या उजवीकडे वळत होते. त्यांच्या बोटांनी कधी चूक केली नाही, त्या दिवशीही केली नाही. मीच चुकीच्या बाजूला उभी होते.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ते म्हणाले, "तू आलीस तर मला जावं लागेल. पण आत्ता नको. तीरा यायचीय."

ते पुढे बोलत होते, थांबत थांबत. "तुझ्यासाठी मी तिच्याकडे कधी सरळ पाहिलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून. ती वॉर्डातून परत आली तेव्हा मला आनंद झाला होता, सिग्ने. त्या आनंदाची मला लाज वाटली. तुला ते कसं सांगणार होतो?"

मला त्यांना सांगता आलं असतं की मीच तीरा. मी उठून समोर जाऊन बसायला हवं होतं. पण ते जे बोलत होते ते मला कधीच सांगू शकले नसते, फक्त तिला सांगू शकत होते. मी हलले नाही. मला ते सगळं ऐकायचं होतं. म्हणून मी सिग्ने झाले, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

त्यांनी विचारलं, "तिला का नाही आणलंस?"

मी म्हटलं, "ती वाटेत आहे, बाबा."

"मग थांबतो," म्हणाले. माझ्या कपाळावरचा हात काढला नाही. आम्ही दोघं दाराकडे कान लावून बसलो. मग अंगणात तुझी पावलं वाजली, कडी सरकली, आणि ते हसले. पुढचं तू पाहिलंसच.

तेव्हा दार उघडायला घाबरू नकोस. तुझ्या मागून कोणी आलं नव्हतं. आणि शेजारणीला सांग, त्यांना न्यायला आली ती सिग्ने नव्हे. सिग्ने तर आधीपासून त्यांच्या उशाशी होती. दारातून आली ती तीरा. ते तिच्यासाठी थांबले होते.

तीरा